आंबिलीला कुठलं पाणी

येळवस दोन दिवसांवर आली की कळंबच्या बाजारात हिरव्या रंगाचा नुसता पसारा पडतो. तुरीच्या शेंगा, वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे ढाळे, चाकवत, मेथी, कांद्याची पात, आणि त्यांच्यामागं गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या बाया. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्या भागात घराला कुलूप लावून सगळे शेतात जेवायला जातात, आणि त्या जेवणातली भज्जी या सगळ्या हिरव्यातून होते. परवा मी मेथीची जुडी उचलली आणि नाकाशी नेली. बाई म्हणाली, "ताजी हाय मॅडम, सकाळीच काढलीया." तिला वाटलं मी ताजेपणा बघतेय. माझं लक्ष तिच्या शेजारच्या डब्याकडं होतं. त्यात हात बुडवून ती भाजीवर पाणी शिंपडत होती. "पाणी कुठलं हे?" मी विचारलं. तिनं मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "आता पान्याला बी गाव लागतं व्हय? घ्यायची का न्हाय?" घेतली. घरी येऊन तीनदा धुतली, आणि धुताना मनात आलं, आपल्या नळाचं तरी कुठलं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. पाण्याचं सूत्र मुलांना पाठच असतं, ते मला पुन्हा सांगावं लागत नाही. पण हॉटेलात पुढ्यात पाण्याचा ग्लास आला की मी तो आधी हुंगते, जारच्या पाण्याची चव जिभेवर धरून बघते, सीलबंद बाटलीचं झाकण कडकन वाजलं नाही तर ती परत करते. माझ्याबरोबर चहा प्यायला येणं लोकांनी हळूहळू कमी केलंय. त्यांचं काही चुकत नाही. ही खोड मला जन्मजात नव्हती. काही वर्षांपूर्वीच्या एका मार्गशीर्षात ती लागली आणि मग सुटलीच नाही.

त्या मार्गशीर्षात थंडी लवकर पडली होती. ज्वारी छातीला लागली होती, पोटऱ्यांतून कणसं नुकती डोकावत होती. आमचं गाव कळंबहून येडशीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. शनिवारी कॉलेज सुटलं की मी स्कूटीवर गावाकडं निघायचे. गाव यायच्या आधी डाव्या हाताला, चढावर, एक बंद पडलेला कारखाना लागायचा. मी शाळेत होते तेव्हा तो चालू होता. तिथं यंत्रांचे लोखंडी सुटे भाग बनायचे. भाग तेलकट निघायचे, म्हणून ते एका पातळ, पाण्यासारख्या स्वच्छ दिसणाऱ्या द्रवात बुडवून काढायचे. ट्रायक्लोरोइथिलीन. हे नाव मला पुढं कॉलेजात कळलं. वापरून काळा पडलेला द्रव मागच्या खड्ड्यात ओतून देत. आमच्या गल्लीतली चार-पाच माणसं तिथं कामाला होती, ती संध्याकाळी घरी आली की त्यांच्या अंगाला गोडसर वास यायचा. मला तो वास आवडायचा. शेजारच्या काकांच्या सदऱ्याला मी मुद्दाम नाक लावायचे.

कारखाना बंद पडला, पत्रे गेले, बाभळी उगवल्या. मग ती जागा विकायला निघाली, आणि घेणाऱ्यानं आधी माती-पाणी तपासून मागितलं. तेव्हा कुठं कळलं की त्या खड्ड्यातला द्रव खड्ड्यात राहिलेला नाही. आसपासच्या सगळ्या विहिरींचे नमुने नेले. "इतकी वर्सं आमी पीत हुतो तवा कुनाला तपासावं वाटलं न्हाय," दादा म्हणाले. दादा म्हणजे माझे वडील. "जागा घेनाराला काळजी पडली तवा बाटल्या घिऊन आले." ते खरंच होतं.

नमुन्यांचा निकाल आला आणि आमच्या विहिरीवर लाल पाटी लागली: पाणी पिण्यास अयोग्य. आमच्या गल्लीतल्या आणखी दोन बोअरवेलनाही लागल्या. वरच्या गल्लीतल्या, म्हणजे गावातल्या मराठा, लिंगायत घरांच्या, एकाही विहिरीला नाही.

ही विहीर माझ्या आज्जानं आणि त्याच्या दोन भावांनी खोदलेली. त्याआधी आमच्या माणसांना गावच्या विहिरीवर चढता येत नव्हतं. खाली घागर ठेवून उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून ओतायचा, नाही आली तर ऊन डोक्यावर येईतो थांबायचं. धम्म घेतला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आज्जानं पहार उचलली. वर मुरूम, खाली काळा पाषाण. दोन उन्हाळे लागले. झरा फुटला तेव्हा म्हणे आज्जा आधी प्यायला नाही. आजीला हाक मारून तळाशी उतरवलं आणि तिची ओंजळ भरू दिली. दादा तेव्हा रांगत होते, पण ही गोष्ट ते स्वतः पाहिल्यासारखी सांगतात. त्या विहिरीला लाल पाटी लागली तेव्हा ते पाटीपुढं उभे राहून मला एवढंच म्हणाले, "पुन्हा आपलंच पानी बाटलं का?"

पाणी स्वच्छ करायचं काम ज्या कंपनीला मिळालं होतं तिचा एक तरुण इंजिनिअर गावात यायला लागला. सडपातळ, खांद्याला बॅग, बुटांवर कायम धूळ. दादांनी पहिल्याच भेटीत त्याला विचारलं, "आडनाव काय म्हनले तुमचं?"

"कांबळे."

दादा जरा गडबडले. त्यांनी दुसऱ्या आडनावाची तयारी करून ठेवली होती. चहा पाजून त्याला वाटेला लावल्यावर मला म्हणाले, "बघ, आपलाच मानूस पुढं घातलाय. म्हंजी आपन कायी बोलू नये." संशयाला एकदा घरात घेतलं की तो कुठल्याही कपड्यात आलेल्या माणसाला ओळखतो, हे मला तेव्हा कळलं. कांबळे नसता तर दादांचं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि कांबळे होता म्हणून ते अधिकच खरं ठरलं.

मी दादांना समजावत होते. कागदावर गाव काढून दाखवलं. हा कारखाना चढावर, हा उतार, या बाजूला पाणी झिरपतं. हा द्रव पाण्याहून जड, तो खाली बसतो, पाषाणाच्या भेगांत जाऊन राहतो आणि वर्षानुवर्षं थोडा थोडा विरघळत उताराकडं निघतो. वरच्या गल्लीच्या विहिरी उताराच्या वाटेवर नाहीत, आपली आहे. इथं जातीचा काही संबंध नाही दादा, जमिनीचा उतार आहे. दादांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, "आनि आपली गल्ली उतारावर कुनी बसवली?"

मी शिकवते त्या पुस्तकात हा धडा नाही. गावाचं सांडपाणी जिकडं वाहत जातं तिकडं आमची वस्ती बसवली होती, आणि जमिनीखालचं पाणीही तिकडंच वाहत होतं. विष माणसाचं आडनाव बघत नाही, हे माझं म्हणणं बरोबर होतं. पण आडनाव बघून माणसं कुठं बसवायची हे विषाच्या आधीच ठरलं होतं, हे दादांचं म्हणणंही बरोबर होतं. आम्ही दोघं एकाच कागदावर बोट ठेवून भांडत होतो.

मग दादांनी ती चूक केली. विहिरीत कुत्रं-मांजर पडून मेलं तर आमच्याकडं काय करतात? विहीर उपसतात. सगळं पाणी काढायचं, गाळ काढायचा, तळ धुवायचा, नव्या झऱ्याचं पाणी भरू द्यायचं की झाली विहीर शुद्ध. दादांनी दोन मोटारी लावल्या आणि तीन दिवस पाणी ओढ्याला सोडलं. तळ उघडा पडला तेव्हा स्वतः उतरले आणि काथ्यानं एकेक दगड घासला. ओल्या गाळाचा, शेवाळाचा वास सगळ्या शिवारात पसरला होता. मी काठावरून वाकून बघत होते. गाळात माझा हरवलेला स्टीलचा पेला सापडला, तो त्यांनी वर फेकला, मी झेलला. त्या क्षणी मलाही वाटलं की झालं, निघून गेलं सगळं.

कांबळे धावत आला तो तिसऱ्या दिवशी दुपारी, मोटारी अजून चालूच होत्या. "दादा, बंद करा मोटारी. तुम्ही जेवढं ओढाल तेवढं तिकडचं पाणी इकडं सरकतंय."

"सवताची इहीर धुनं गुन्हा हाय का, सायेब?"

त्याच्या पुढच्या नमुन्यात विषाचा आकडा वाढलेला होता. तो ऐकल्यावर दादा शांतपणे हसले. "धुतल्यावर घान वाढती, हे कुनाच्या बापानं तरी ऐकलंय का?" म्हणजे निकाल खोटा. म्हणजे सगळंच खोटं. रसायनशास्त्राची पदवी असलेली त्यांची मुलगी समोर उभी राहून सांगत होती की वाढते, अशीच वाढते, आणि ते माझ्याकडं फितूर झालेल्या माणसाकडं बघावं तसं बघत होते. त्याचं वाईट आजही वाटतं.

तोवर पिण्यासाठी टँकर यायला लागला होता. दादांनी त्याचा थेंब घरात येऊ दिला नाही. आई विहिरीचं पाणी उकळून घ्यायची आणि तिला वाटायचं की आपण काळजी घेतोय. चुलीवर मोठं पातेलं, थंडी म्हणून दार-खिडकी लावलेली, आणि त्या वाफेत ती तासभर भाकरी थापत बसायची. हा द्रव उकळताना पाण्यातून उडून जातो, ते खरं. पण तो उडून जातो कुठं, तर त्याच बंद स्वयंपाकघरात. मी धडाधड खिडक्या उघडल्या तेव्हा आई म्हणाली, "आता वारं बी खराब झालं का?" मी तिला जवळ घेतलं, आणि नाही म्हणाले, आणि हो म्हणाले.

सगळी मेख दादांच्या सहीत होती. शुद्धीकरणासाठी आमच्या विहिरीभोवती, आमच्याच शेतात, छिद्रं पाडायची होती. दादांनी होकार दिल्याशिवाय काम सुरू होत नव्हतं, आणि काम सुरू झाल्याशिवाय गल्लीचं पाणी सुधारणार नव्हतं. कांबळेनं विहारात सगळ्यांना गोळा करून समजावून सांगितलं. छिद्रांतून खाली काय सोडणार, असं कुणीतरी विचारलं.

"मळी," तो म्हणाला. "साखर कारखान्यातली मळी, पाण्यात पातळ करून."

आमच्या जिल्ह्यात मळी म्हणजे काय हे लहान पोरालाही माहीत असतं. एका वर्षी ती आमच्या ओढ्याला आली होती, तेव्हा मासे पोट वर करून तरंगत होते आणि महिनाभर ओढ्याकडं तोंड करून उभं राहवत नव्हतं. शांताकाकू, आमच्या शेजारीण, पदर सावरत म्हणाल्या, "जिनं वढा मारला तीच आता दवा व्हय?"

कांबळे चिकाटीचा. जमिनीत जिवाणू असतात, त्यांना मळीसारखं गोड खायला घातलं की ते वाढतात, खालचा सगळा प्राणवायू संपवतात, मग श्वास घ्यायला दुसरं काहीतरी शोधतात आणि या विषातला क्लोरीन एकेक करून काढून टाकतात. मला ते ऐकताना आनंद होत होता, कारण ते खरंच सुंदर आहे. दादांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी गोड खाऊ घालून काम करून घ्यायचं," ते म्हणाले. "हे तर निवडनुकीला पुढारी बी करतेत." विहार हसला आणि सभा तिथंच संपली. जाताना दादा कांबळेला म्हणाले, "सहीचं येळवशीला बघू. तुमी या जेवायला. माझ्या इहिरीच्या पान्याची आंबील करनार हाय. कोन पितं ते बघू द्या मला."

हा निरोप त्यांनी वरच्या गल्लीतही धाडला. मला त्यांचा हिशोब लगेच कळला. वरच्या गल्लीनं आंबील नाकारली की सिद्ध होणार, हा विटाळ जुनाच आहे. कांबळे प्यायला की सिद्ध होणार, विष वगैरे काही नाही. कुणी काहीही केलं तरी दादांचंच खरं होणार. माझ्या वर्गात कुणी असा प्रयोग मांडला असता तर मी शून्य गुण दिले असते. पण हा प्रयोग मांडणाऱ्या माणसाचं साठ-पासष्ट वर्षांचं आयुष्य त्यात घातलेलं होतं, आणि त्याला गुण देणारी मी कोण.

आंबील आदल्या दिवशी करतात. ज्वारीचं पीठ ताकात कालवून शिजवायचं, लसूण-मीठ घालायचं, थंड करून मडक्यात आंबवायचं, आणि शेवटी कच्चं पाणी घालून पिण्याइतकी पातळ करायची. शिजवताना विष बरंचसं उडालं असतं, पण ते शेवटचं कच्चं पाणी माझ्या मनातून जाईना. आई मडक्याजवळ बसली होती, तांब्या तिच्या हातात तसाच होता.

"पोरं पिनार हायती," ती म्हणाली. "शांताची नात हाय, पल्याडच्या सुमनची दोन पोरं. म्या न्हाय घालनार हे पानी."

"दादांना काय सांगायचं?"

"कायी सांगायचं न्हाय."

मी शांताकाकूंकडून टँकरच्या पाण्याची कळशी आणली, पदराखाली झाकून. आपल्याच घरात पाणी चोरून आणायची वेळ आली होती. आईनं ते मडक्यात ओतलं, ढवळलं आणि विहिरीच्या पाण्याची घागर परड्यात आळूच्या बुंध्याशी रिकामी केली. मग म्हणाली, "आळूला कायी होत न्हाय न्हवं?" लग्नाला चाळीस वर्षं होत आली तेव्हा आईनं दादांपासून लपवलेली ही पहिली गोष्ट असावी, निदान मला माहीत असलेली.

येळवशीला आम्ही कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोप, करतो, पण आत पूजेला पाच दगडांचे पांडव मांडत नाही. मेणबत्ती लावतो, पंचशील म्हणतो आणि जेवायला बसतो. दादा दरवर्षी म्हणतात, पूजा सोडली पण भज्जी सोडा असं कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ऊन कोवळं होतं, ज्वारीच्या पानांवरचं दव अजून वाळलं नव्हतं. पंगत बसली. आमची गल्ली होती, कांबळे होता, आणि वरच्या गल्लीतलेही सात-आठ जण आले होते. भज्जी, वाफवलेल्या पिठाचे उंडे, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. सगळे जेवत होते. मग दादांनी आंबिलीचं मडकं उचललं.

एकाचा घसा बसला होता. एकाला डॉक्टरनं आंबट बंद केलं होतं. एक म्हणाला, भरलं हो पोट, जागाच नाही. हे वरच्या गल्लीतले. पण आमच्या गल्लीतल्यांनी काय केलं? ग्लास घेतले, ओठांना लावले, आणि दादांची पाठ फिरली की मागं मातीत ओतले. दादा पंगतीतून परत आले तेव्हा एकेका पत्रावळीमागं ओला डाग होता. ते डाग बघत बघत ते चालत आले. त्यांनी धरलेला हिशोब तिथं पहिल्यांदा चुकला, कारण हे सगळे आपले होते.

कांबळेनं ग्लास घेतलाच नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, "मी पिणार नाही दादा. तुम्हीही पिऊ नका. एका ग्लासानं काही होणार नाही, पण तुम्ही एक ग्लास पीत नाही, रोज पिता."

पंगतीच्या शेवटी आप्पा बसले होते. आप्पा म्हणजे आमच्या बांधाला बांध असलेले शेतकरी, वरच्या गल्लीतले, दादांच्याच वयाचे. दोघांची आयुष्यं एका बांधाच्या दोन बाजूंना गेली. बैल अडला की एकमेकांचा जुंपायचा, राखणीला एकमेकांना हाक मारायची. आप्पा आमच्या शेतात हुरडा खात, बोरं खात. पाणी म्हटलं की मात्र "आत्ताच पिऊन आलोय" हे त्यांचं ठरलेलं. इतक्या वर्षांत त्यांनी आमच्या विहिरीचा घोट घेतला नव्हता. दादांनी कधी बोलून दाखवलं नाही, आणि कधी विसरलेही नाहीत. त्या दिवशी दादा त्यांच्यासमोरून मडकं घेऊन पुढं निघाले होते.

"का रे नामदेव," आप्पा म्हणाले, "मला न्हाय का आंबील?"

दादा थांबले. "तुमी पेता व्हय, आप्पा?"

"वाढ की."

दादांनी ग्लास भरला. आप्पांनी ग्लास उचलला, ना हुंगला, ना कुणाकडं बघितलं. एका दमात रिकामा केला आणि मिशा पुसल्या. "मीठ कमी हाय," ते म्हणाले, आणि ग्लास पुढं केला. "आनखी वाढ."

दादांचा हात मडक्याकडं गेला. ओगराळं अर्धं वर आलं आणि तिथंच थांबलं. मग त्यांनी ते सोडून दिलं, खाली वाकले आणि आप्पांचं मनगट धरलं. मी त्यांना कुणाचं मनगट असं धरताना पाहिलं नव्हतं. "पुरं," दादा म्हणाले. "ठेव तो गलास, आप्पा."

"का? बरी झालीया की."

"ठेव म्हनलं न्हवं."

आणि त्यांनी ते भरलेलं मडकं उचललं, ज्वारीच्या सरीत नेलं आणि उपडं केलं. मला तेव्हा कळलं की दादांना सगळं पहिल्यापासून पटलेलं होतं. पाटी, निकाल, उतार, भेगा, सगळं. स्वतःच्या घशात ते विष ओतायला त्यांची तयारी होती, पण आप्पांच्या घशात जाताना ते त्यांना बघवलं नाही. आईनं माझ्याकडं पाहिलं. तिथंच मी सांगून टाकायला हवं होतं की चांगली आंबील वाया चाललीय. मी बोलले नाही. दादा रिकामं मडकं हातात धरून परत आले आणि कांबळेला म्हणाले, "तुमचं कागुद आना."

नंतर मी आप्पांना एकदा विचारलं होतं की तुम्ही का प्यायलात. "तहान लागली हुती," ते म्हणाले आणि बैलाकडं वळले. मला ते खरं वाटत नाही. कधी वाटतं त्यांना जुनं काहीतरी फेडायचं होतं. कधी, माझ्या या हुंगऱ्या स्वभावानं, असंही वाटतं की चारचौघांत छाती दाखवायची हौस असेल. चांगुलपणाचासुद्धा वास घेऊन बघते मी. त्याचा निकाल मात्र कुठल्याच प्रयोगशाळेतून येत नाही.

काम सुरू झालं. छिद्रं पडली, काळ्या टाक्या आल्या, आणि शेतात गुऱ्हाळासारखा वास सुटला. पुढच्या काही निकालांत आकडा उतरला, मग एक नवंच नाव उगवलं. कांबळेनं सांगितलं की क्लोरीन एकेक करून निघताना मधल्या पायरीला जे तयार होतं ते मूळ विषापेक्षाही वाईट असतं, पण जिवाणू तिथं अडले नाहीत तर तेही संपतं. मला रात्र रात्र झोप नव्हती. दादा मात्र आता कांबळेला शिक्षकासारखे विचारायचे, "आता कुठवर आलेत तुमचे जिवानू?" संशय त्यांनी सोडलेला नाही, फक्त शिकवून तयार केलाय. नमुना घेताना ते शेजारी उभे असतात, स्वतःची वेगळी बाटली भरतात, तिच्यावर तारीख घालतात आणि माझ्याकडून दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवतात. गेल्या खेपेला एका रकान्यात 'आढळले नाही' असं आलं. दादा म्हणाले, "आढळलं न्हाय म्हंजी न्हाय का?" मी म्हणाले, नाही, म्हणजे यंत्राला दिसलं नाही. "मग पाटी ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. पाटी आहे अजून.

त्या येळवशीनंतर दादा दर आठवड्याला वरच्या गल्लीत आप्पांच्या ओट्यावर जाऊन बसतात. पोट कसं आहे, भूक लागते का, डोळे पिवळे दिसतायत का, असं विचारतात. आप्पांना शिंक आली तरी दादांच्या घरी चूल पेटत नाही. गेल्या पावसाळ्यात आप्पांना ताप आला तर हे दवाखान्याच्या बाकावर दोन दिवस बसून होते. आप्पांचे मुलगे म्हणाले, काका, साधा ताप आहे. दादा म्हणाले, तुम्हाला माहीत नाही.

परवा ती मेथी घेऊन मी गावी गेले. दादा अंगणात ढाळ्यातले हरभरे सोलत बसले होते. एकेक दाणा काढायला त्यांना आता वेळ लागतो. मी शेजारी बसले, एक ढाळा ओढला आणि न बघता सांगितलं.

"दादा, त्या येळवशीला आंबिलीत टँकरचं पाणी होतं. आईनं आणि मी बदललं होतं."

त्यांनी हातातला घाटा फोडला, दाणे ताटात टाकले, दुसरा उचलला. आई दारात येऊन उभी राहिली होती.

"म्हंजी आप्पाच्या पोटात इख गेलं न्हाय," ते म्हणाले.

"नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला. इतकी वर्षं तो कुठं धरून ठेवला होता कोण जाणे. मग आणखी एक घाटा सोलला.

"आप्पाला हे ठावं हाय?"

"नाही दादा. कुणालाच नाही."

"मग त्यानं माझ्या इहिरीचं पानी पिलंय," दादा म्हणाले. "त्याला सांगायचं न्हाय."